अक्कांना उंच माणूस हवा होता

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी माझं गाव विचारलं नाही, घरचे काय करतात हे विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कान कसे आहेत तुझे?"

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "काय?"

"म्हणजे बरे नाहीत," असं म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि मला अंगणात नेलं. तिथे एक जुनी चौकोनी, फिक्या हिरव्या रंगाची गाडी उभी होती. मला मागे बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि गल्लीतून एक फेरी मारली. धुळ्यातल्या गल्ल्यांचे खड्डे मला तेव्हा नवीन होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कोणतं दार वाजतं?"

"मागचं, डावीकडचं," मी अंदाजानं सांगितलं.

"सामान कधी आणतेस?" अक्का म्हणाल्या.

अशी मला धुळ्यात वरची खोली मिळाली. मी जळगावपलीकडच्या पहूरची. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून धुळ्याला आले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरमालकीण विधवा आणि एकटी आहे एवढं ऐकूनच होकार दिला होता. ती कशी आहे हे त्यांना पुढे कळायचं होतं.

अक्का टेलिफोनच्या ऑपरेटर होत्या. गावाला फोन लावायचा तर आधी नंबर नोंदवून वाट बघावी लागायची, त्या काळातल्या. सगळं आयुष्य त्यांनी कानावर हेडफोन लावून काढलं. एका कानात धुळं आणि दुसऱ्या कानात मुंबई, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे त्यांचं जग आवाजांचं होतं. दूधवाल्याच्या सायकलच्या साखळीला तेल हवंय, शेजारच्यांच्या मिक्सरचं पातं झिजलंय, मी जिना चढले ती ऑफिसात काहीतरी बिनसल्यासारखी चढले, हे सगळं त्यांना घरात बसून कळायचं. आणि एवढं ऐकूनही त्या कोणाचं काही कोणाला सांगत नसत. त्यांच्या कानावरून धुळ्यातली किती लग्नं, किती भांडणं आणि किती मरणं गेली असतील. गल्लीतल्या बायका अधूनमधून खोदून विचारायच्या. अक्का म्हणायच्या, "ऐकलेलं सांगायचं नसतं. लाईन जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं."

बोलणं लांबलं की मात्र त्या अचानक म्हणत, "तीन मिनिटं झाली." मग समोर नगरसेवक असो की भाजीवाली, संभाषण संपलं. पूर्वी ट्रंक कॉलवर तेवढाच वेळ मिळायचा, त्याची ती सवय. नवखा माणूस गोंधळायचा. आम्ही गल्लीतले लोक उठून चालू लागायचो.

गाडी त्यांनी नोकरी संपल्यावर एका डॉक्टरांकडून घेतली होती. जळगावला त्यांची थोरली बहीण होती, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी अक्का सकाळी निघायच्या, पारोळा, एरंडोल करत जळगावला जायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत यायच्या. गाडी इतकी सावकाश चालवायच्या, की पारोळ्याच्या पुढे एकदा एका सायकलवाल्यानं शेजारून जाता जाता "अक्का, काही बिघडलं का?" असं विचारलं होतं.

तेव्हा महामार्ग रुंद करायचं काम चाललेलं होतं. रस्ता कुठे उकरलेला, कुठे मुरूम टाकलेला. गाडीच्या काचा पूर्ण वर केल्या तरी धूळ आत यायचीच. जळगावला पोचेपर्यंत अक्कांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. अंथरुणावरची बहीण तोंड वाकडं झालं असतानाही हसायची आणि म्हणायची, "धुळ्याची बाई धूळ घेऊनच येते." पण एका रविवारी अक्कांनी अंगावरची धूळ झटकली आणि बहिणीला खोकल्याची अशी उबळ आली की ती थांबेचना. त्या रात्री परत आल्यावर अक्का जेवल्या नाहीत. सकाळी मी खाली आले तर त्या गाडीची चारही दारं उघडी टाकून मध्ये स्टुलावर बसल्या होत्या.

"बठ्ठी धूळ मझार ई राह्यनी," त्या म्हणाल्या. म्हणजे, सगळी धूळ आत येतेय. एरवी त्यांचं बोलणं टेलिफोनवरचं, स्वच्छ असायचं. अहिराणी यायची ती राग आला की किंवा माया आली की. "सगळी रबरं गेली गं. बघ."

मी बघितलं. दाराच्या चौकटीभोवतीचं जाड रबर खानदेशातली एवढी उन्हं खाऊन पापडासारखं कडक झालं होतं. बोटानं दाबलं की तुकडा निघायचा. काच ज्या खाचेतून वरखाली होते, तिच्यातलं मखमलीसारखं अस्तर झिजून नुसता पत्रा उरला होता. काचेच्या खालच्या अंगाला पाणी निपटून घेणारी पट्टी असते, ती तर अर्ध्या दारांना नव्हतीच.

"गॅरेजमध्ये देऊ ना," मी म्हटलं.

"गॅरेजवाला रबर ओढून बसवतो. म्हणजे कमी रबरात भागतं. आणि ओढलेलं रबर उन्हाळ्यात आखडतं, मग कोपरे उघडे पडतात. आपण बसवू."

'आपण' म्हणजे कोण, हे मला पुढच्या रविवारी समजलं. त्यांनी मला जळगावला सोबत नेलं.

जळगावात जुन्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. दुकानदार मारवाडी शेठजी, गादीवर बसून चहा पिणारे. त्यांनी गाडीचं नाव ऐकलं आणि हात जोडले. "अक्का, ती गाडी गेली, तिचं रबर पण गेलं. आता कोण विचारतो?"

"मी विचारते," अक्का म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या. बसूनच राहिल्या. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. शेवटी शेठजींनी माळ्यावर माणूस चढवला. वरून धुळीनं माखलेली दोन-तीन वेटोळी खाली आली. अक्कांनी एकेक वेटोळं हातात घेतलं, वास घेतला आणि कानाशी धरून हळूच वाकवलं. छातीला नळी लावताना डॉक्टरांचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. दोन बाजूला ठेवली. "ही आतून तडकलीत. बोलतात." तिसरं जवळ घेतलं. "हे गप्प आहे. हे द्या."

आम्ही पायरी उतरलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर शेठजी नाकारलेलं वेटोळं स्वतःच्या कानाशी धरून वाकवत होते.

होळी होऊन गेली होती, तरी अक्का घाई करायला तयार नव्हत्या. रबर ऊन खाऊन मऊ झाल्याशिवाय वळणावर नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर शेजारणींचे नागलीचे पापड आणि कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवर चार दारांसाठी कापलेली आमची काळी वेटोळी. "अक्का, तुमच्या कुरडया जळल्या वाटतं," असं म्हणून बायका हसायच्या.

मग ऑफिस सुटल्यावर, उजेड असेपर्यंत आमचं काम चाले. काचेचा हँडल काढायचा, दाराचा आतला पुठ्ठा क्लिपा न मोडता सोडवायचा, काच खाली घेऊन जुनं अस्तर ओढून काढायचं. जुना चिकटा रॉकेलच्या चिंधीनं पुसायचा, आणि पत्रा लख्ख दिसेपर्यंत पुसायचा. मग साबणाचं पाणी लावून नवं अस्तर खाचेत सरकवायचं, काच हळूहळू वर घेऊन बघायची. चौकटीचं रबर वरच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं नाही, खालून करायचं, म्हणजे जोड खाली येतो आणि वरून पडणाऱ्या पाण्याला तो सापडत नाही. अंगठ्यानं दाबत दाबत पुढे जायचं. ओढायचं नाही. मी थोडं जरी ओढलं तरी पाठ करून बसलेल्या अक्का म्हणायच्या, "सोड." रबर ताणल्याचाही त्यांना आवाज येत होता, असं मी आजही शपथेवर सांगेन.

नवं रबर बसलं आणि दारंच लागेनात. इतकी घट्ट झाली की जोरात आपटावी लागत. आयुष्यात दार न आपटलेल्या अक्का रोज सकाळी चारही दारं आपटायच्या आणि प्रत्येक दाराला "चुकलं हं" म्हणायच्या. रबर दबून बसेपर्यंत हे चाललं. मग परीक्षा सुरू झाल्या. आधी वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी. ती दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथे फट आहे. अक्कांना या परीक्षेचा इतका नाद लागला की त्यांनी फ्रीजच्या, कपाटाच्या, एकदा माझ्या जेवणाच्या डब्याच्या झाकणातही कागद धरून पाहिला.

आणि मग पाण्याची परीक्षा. एका माणसानं काचा लावून आत बसायचं, अक्का बाहेरून नळी घेऊन पाऊस पाडणार, आणि आतल्यानं थेंब कुठून आला ते सांगायचं. मी बसले, पोस्टमन बसला, मीटर बघायला आलेला वीजकंपनीचा माणूस बसला आणि घाम पुसत बाहेर आला. तीन दारं पास झाली. पुढच्या डाव्या दाराचा वरचा कोपरा मात्र अक्कांना पटत नव्हता. "तिथे थेंब आला तर तो बसणाऱ्याच्या मागे पडत असणार," त्या म्हणाल्या. "तू बुटकी. पोस्टमन बुटका. उंच माणूस पाहिजे."

नेमक्या त्याच आठवड्यात आबांचा फोन आला, की रविवारी पाहुणे येणार.

त्या स्थळाची बोलणी महिनाभर चालली होती. मुलगा जळगावचा, पाईपच्या एका कारखान्यात इंजिनिअर. घर चांगलं, माणसं चांगली. माझं वय वाढत होतं आणि आमच्या भाऊबंदांत त्याची चर्चा सुरू झाली होती. आबांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी 'हो' म्हटलं होतं. मुलगा मला भेटला होता, एकदा, चहाच्या दुकानात. हळू बोलणारा, हसरा. नापसंत करावं असं काही मला सापडलं नव्हतं. फक्त 'हो' म्हटल्यापासून माझं जेवण कमी झालं होतं, आणि ते मी उन्हावर ढकललं होतं. रविवारी पाहुणे धुळ्यालाच येणार होते आणि बैठक अक्कांच्या घरी होणार होती. सगळं जुळलं तर तिथेच सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

आबा आणि काका आदल्या दिवशीच आले. अक्कांनी आबांना विचारलं, "मुलगा उंच आहे का?"

आबांची छाती फुगली. "चांगला दांडगा उंच आहे, ताई. दारातून वाकून यावं लागते त्याले."

"मग ठीक," अक्का म्हणाल्या. आबांना वाटलं, घरमालकिणीला स्थळ पसंत पडलं. मला खरं काय ते कळलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याची धाकटी बहीण. वडील नव्हते त्याला. चहा झाला, शेव-चिवडा झाला, केळीच्या भावावर बोलणं झालं. अक्का खुर्चीच्या कडेवर बसून मुलाच्या डोक्याच्या उंचीचा अंदाज घेत होत्या. मग बोलणं थांबल्याचं बघून त्या उभ्या राहिल्या. "तुम्ही जरा गाडीत बसता का? लहानसं काम आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. पण मुलानं ते हसून घेतलं. "बसतो की, अक्का!" त्याची बहीणही उत्साहानं उठली. वीसेक वर्षांची असेल. चहा घेताना एक शब्द बोलली नव्हती, आता तिचे डोळे चमकले. अक्कांनी मुलाला पुढे डावीकडे बसवलं, बहिणीला स्टिअरिंगसमोर आणि मला मागे, मांडीवर कोरडा कागद देऊन. दारं लावली. काचा लावल्या. थोरली माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती.

बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. त्या गाडीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवत होते, कारण आजवर मी एकटीच आत बसत होते आणि तोंडानं थेंब मोजत होते. मग टपावर पाणी आलं. बहीण खुदकन हसली. आणि अक्कांना ज्याचा संशय होता तोच कोपरा पाझरला. एक थेंब, मग त्याची धार, मुलाच्या नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये. तो दचकला. बहिणीला हसू आवरेना. मलाही आवरत नव्हतं.

त्यानं मान तिच्याकडे वळवली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "दात फार दिसतायत. घरी चल, मग बघतो."

एवढंच. त्यानं हात उचलला नाही. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवरच होते. पण ती मुलगी दाराला चिकटली आणि तिनं डावा तळहात कानावर धरला. आपण हे करतोय असं तिच्या मनातही नव्हतं. ऊन डोळ्यावर आलं की आपण कपाळावर हात धरतो, तसा तो हात गेला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, ते जायला थोडा वेळ लागला.

पाणी थांबलं. अक्कांनी दार उघडलं. "पानी कोठेन उनं?"

"इथून, अक्का," मुलगा हसत म्हणाला, रुमालानं मान पुसत. "पण काही नाही, चालायचंच. गाडी छान ठेवलीय तुम्ही."

ओट्यावरचे सगळे हसले. बहीणही हसली.

मी आत स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर काका सुपारीचं ताट मागत होते. अक्का आत आल्या, नळीचं पाणी लागलेले हात पदराला पुसत. माझ्याकडे पाहिलं आणि मागचं दार लावून घेतलं. "बोल."

मी सांगितलं. सांगताना मलाच ते किती क्षुल्लक वाटत होतं. एक वाक्य आणि एक हात. मी दोन-तीनदा म्हटलं, "असेल काही नाही, भावंडांत होतंच." मी रडत होते, थांबत होते, पुन्हा तेच सांगत होते. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. अक्का काही म्हणाल्या नाहीत. माझं सगळं बोलून झालं तेव्हा म्हणाल्या, "रडू नको पोरी. मी शे ना."

आणि बाहेर जाऊन त्यांनी आबांना आतल्या खोलीत बोलावलं.

"आबा, सुपारी फोडू नका. पोरगी नाही म्हणते."

आबा लाल झाले. "काय झालं आता? महिनाभर हो म्हन्ते अन् आता नाही? लोक काय म्हनतीन?" मग माझ्याकडे वळून, "काय वं, बोल ना! काय केलं त्यानं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आबा म्हणाले, "अंगावर पानी पडल्यावर कोनी बी चिडते! मी नाही चिडत?"

"तुम्ही चिडता," मी म्हटलं. "पण मी कधी कान झाकले नाहीत, आबा."

आबांना ते पटलं नव्हतं. काका दारातून डोकावून घाई करत होते. तेव्हा अक्का म्हणाल्या, "आबा, मी आयुष्यभर लोकांचं बोलणं ऐकलं आणि कोणाचं काही कोणाला सांगितलं नाही. आज सांगते. मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा ही जिन्यात उभी होती. तिनं 'हो' म्हटलं ते मी ऐकलं. ते 'हो' नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि माझ्या नियमानं मी गप्प बसले. आता नाही बसत."

पाहुण्यांना बाहेर जाऊन कोणी सांगायचं हा प्रश्न होता. अक्काच गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. पाहुणे शांतपणे उठून गेले. आबा आणि काका जेवणाचं ताट तसंच ठेवून बसस्टँडवर गेले, आणि पुढे कितीतरी दिवस आबांनी मला फोन केला नाही. आई शेजारच्यांच्या फोनवरून हळूच बोलायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर अक्का त्या कोपऱ्याचं रबर काढून पुन्हा बसवत होत्या. मी शेजारी जाऊन बसले. मला काहीतरी आभाराचं बोलायचं होतं. त्यांनी वर न बघता विचारलं, "आणि ती?"

"कोण?"

"गाडीतली. तू सुटलीस. ती त्याच घरात गेली ना?"

खरं सांगते, माझ्या मनात ते आलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी अक्का जळगावला गेल्या त्या एक शर्टपीस घेऊन. आमच्यामुळे मुलाचा नवा शर्ट खराब झाला, त्याची भरपाई द्यायला, असं सांगून त्या त्यांच्या घरी जाऊन बसल्या. मोडलेल्या सोयरिकीच्या घरी शर्टाचं कापड घेऊन जाणारी बाई जळगावकरांनी पूर्वी पाहिली नसावी. त्या माणसांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी चहा दिला. त्याच्या पुढच्या रविवारी शर्ट शिवून झाला का ते विचारायला गेल्या. मग जातच राहिल्या. हळूहळू मुलाच्या आईशी बोलणं वाढलं. अक्कांच्या बहिणीला दुपारी पेपर वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. बहिणीचं घर जवळच होतं आणि बाईमाणसांचं होतं. गाडीतल्या त्या मुलीला बारावीनंतर घरीच बसवलेलं. ती दुपारी तिकडे जाऊ लागली.

मी एकदा विचारलं होतं, "अक्का, त्या दिवशी तुम्ही त्याला मुद्दाम गाडीत बसवलं होतं का?"

त्यांना माझा प्रश्नच समजला नाही. "मुद्दाम म्हणजे? कोपरा बघायला नको? उंच माणूस कुठून आणणार होते मी?"

आबांकडे मात्र त्या मुद्दाम गेल्या. उन्हाळा ऐन भरात होता तेव्हा एका सकाळी मला गाडीत घातलं आणि जळगावात बहिणीला भेटून सरळ पहूरला नेलं. आम्ही उतरलो तेव्हा आमच्या अंगावर धुळीचा कण नव्हता. आबा ओट्यावर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं. कुठून आलात, रस्ता कसा आहे, एवढी धूळ असून गाडी आतून अशी स्वच्छ कशी, असं अक्कांनाच विचारत राहिले. अक्कांनी त्यांना पुढे बसवलं, दार लावलं, काच लावली. बाहेर आमचं कुत्रं भुंकत होतं, ते त्यांना आत ऐकूही येत नसणार. दोघंजण आत बराच वेळ बसून होते. मी आणि आई बाहेरून बघत होतो. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग आबांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसलेले आम्ही दोघींनी पाहिले.

बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "उनात आली, पानी पे." त्यावर बोलणं संपलं. आईनं भरीत केलं, आणि अक्का कळण्याच्या भाकरीबरोबर इतकं जेवल्या की आईचा त्यांच्यावरचा सगळा राग गेला. गाडीत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. अक्कांचा नियम आबांनीही उचलला.

पुढे माझी जळगावला बदली झाली. मी लग्न केलं. ती गोष्ट सुखाची आहे, त्यामुळे सांगण्यासारखं तिच्यात फार नाही. मी वरची खोली सोडली आणि दोन महिन्यांत तिथे ती मुलगी राहायला आली. धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. भावानं घर डोक्यावर घेतलं. पण ज्या रविवारी अक्का तिला न्यायला गेल्या, त्या रविवारी तिच्या आईनंच बॅग भरून गाडीत ठेवली, मुलीला आत बसवलं आणि मुलगा आतून ओरडत असताना बाहेरून घराची कडी लावली. "जा," एवढंच म्हणाली. हे मला त्या मुलीनं नंतर सांगितलं. आता ती धुळ्यातच एका दवाखान्यात मोठ्या नर्सच्या जागेवर आहे.

अक्का गेल्या त्या एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. बहीण त्यांच्या आधीच गेली होती. शेवटची दोन वर्षं त्यांना ऐकू कमी यायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "पुष्कळ ऐकलं," म्हणायच्या. त्यांना औषधपाणी, अंघोळ, सगळं त्या मुलीनं केलं. पुण्याहून भाचा आला, पण कोणती वस्तू कुठे आहे हे तो तिलाच विचारत होता.

तेराव्याला आबा पहूरहून आले. आता त्यांना काठी लागते. मांडवात पंगत बसली होती आणि ती मुलगी वाढत होती. आबांच्या पानाशी आली तेव्हा आबांनी मान वर करून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तुले कुठीसा पाह्यलं वाटते, पोरी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग ती खाली वाकून म्हणाली, "इथेच पाहिलं होतं, आबा. खूप वर्षांपूर्वी. मी दादाबरोबर आले होते, ताईला बघायला."

आबांचा घास हातातच राहिला. ओट्याकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. भाताचं पातेलं हातात धरून ती तशीच वाकून उभी होती.

"मंग अक्कानं तुले बी आनलं का?"

"हो, आबा."

"बरं झालं," आबा म्हणाले.

त्या रविवारबद्दल माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. मग त्यांनी पान थोडं सरकवलं, शेजारी जागा केली आणि तिला म्हणाले, "ठेव ते पातेलं. वाढाले दुसरं कोनी लागीन. तू बस, जेव."